बाजूला बसायचे दिवस

हेवा करायला माणसाला काहीही पुरतं. कुणाला शेजारणीच्या बांगड्या पुरतात, कुणाला जावेचा गोरा रंग. मला पुरली ती घोडेगावातल्या आमच्या घराची मागच्या अंगणापलीकडची खोली. खोली म्हणायची म्हणून म्हणायची. एक खिडकी, तीही उंचावर. आत एक चटई, एक गोधडी, पाण्याची कळशी आणि घरातल्या भांड्यांत कधीही न मिसळणारं एक ताट. पाळी आली की आमच्या घरातल्या बायका तीन दिवस तिथे बाजूला बसायच्या आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात यायच्या. त्या खोलीपायी मी माझ्या धाकट्या जावेचा इतका दुस्वास केला, की आज सगळं कळून चुकल्यावरही त्यातला थोडा मला अजून रास्त वाटतो.

आम्ही जैन. सासऱ्यांच्या आजोबांनी मारवाड सोडून घोडेगावच्या पेठेत दुकान टाकलं, तेव्हापासून आम्ही इथलेच. पुढे दुकान, मागे घर. किराणा बारा महिने आणि उन्हाळ्यात भीमाशंकरच्या डोंगरातून येणारा हिरडा. घरात मराठीच बोलायचे, फक्त सासूबाई रागावल्या की मारवाडीत शिरायच्या. त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणायचो. मी जुन्नरची, नव्वद सालानंतर दोनतीन वर्षांनी थोरली सून म्हणून या घरात आले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "सुनेचा चेहरा हसरा पाहिजे. पोटात काही का असेना, पेठेतल्या घरात आंबट तोंड चालत नाही." मी हसरा चेहरा केला आणि पुढे तो काढायचं राहूनच गेलं.

काम किती होतं ते सांगून मी कुणाची कीव मागत नाही. सगळ्याच घरांत होतं. पण आमच्याकडे एक जास्तीची घाई असायची. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, त्यामुळे दुपारची भांडी वाळायच्या आत संध्याकाळच्या कणकेला हात घालायचा. चातुर्मासात महासतीजी, म्हणजे आमच्या साध्वी, गोचरीची भिक्षा घ्यायला कधीही दारात उभ्या राहणार, त्यांना वाढायला घरात पाळी नसलेली बाई हवीच. म्हणून बाईंना घरातल्या प्रत्येकीच्या तारखा तोंडपाठ. आम्हाला नसतील इतक्या त्यांना.

पहिल्यांदा त्या खोलीत बसले तेव्हा मी ढसाढसा रडले होते. माहेरीही पाळायचे, पण तिथे बहिणी दारात बसून माझ्याशी पत्ते खेळायच्या. इथे ताट उंबऱ्यावर ठेवायचे आणि लांब जाऊन म्हणायचे, "घे." आपण भिकारीण झालो असं मला वाटलं. दुसऱ्या महिन्यातही रडले. तिसऱ्या महिन्यात मात्र एक गोष्ट घडली. दुपारी स्वयंपाकघरातून हाक आली, "चहा कोण ठेवतंय?" मी सवयीनं उठायला गेले, आणि लक्षात आलं की ही हाक माझ्यासाठी नाही. मी पुन्हा आडवी झाले. दुपारी दोन वाजता, उजेडात, पाय पसरून. लग्न झाल्यापासून मी दिवसा आडवी झाले नव्हते.

त्यानंतर मी त्या दिवसांची वाट बघायला लागले. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, त्यातले मासिकांचे जुने अंक मी आधीच काढून कळशीमागे लपवायची. क्रमशः कथांचे मधलेच भाग हाती लागायचे. सुरुवात नाही, शेवट नाही, तरी मजा यायची. मुख्य म्हणजे त्या तीन दिवसांत मला चेहरा करावा लागत नसे. भिंतीकडे बघून मी कशीही दिसू शकत होते. अपवित्र म्हणून मला बाजूला काढलं होतं, आणि मी तिथे एखाद्या शेठाणीसारखी लोळत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाईंनी तेही बंद केलं असतं.

दोन वर्षांनी धाकटी आली. ती नारायणगावची, बी.एस्सी. झालेली, हसरी आणि बडबडी. आल्या आल्या मला म्हणाली, "भाभी, खोडदच्या रेडिओ दुर्बिणी बघितल्यात का? एवढ्या मोठ्या छत्र्या, आणि दिवसभर आकाशाकडे तोंड करून नुसत्या ऐकतात. त्यांना कुणी म्हणत नाही, जरा हस म्हणून." मला ती आवडली. खरं सांगते, आवडली होती. ती बसली की तिचं काम मी ओढायची, मी बसले की ती ओढायची. बसलेली असली की खोलीच्या दारातून ती माझ्याशी मोठ्यानं गप्पा मारायची आणि मी अंगणात भांडी घासत उत्तरं द्यायची. बाई ओरडायच्या, तरी आम्ही बोलायचो.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या अंगावरून फार जायला लागलं. महिन्यातले दहा दहा दिवस. मंचरच्या एका डॉक्टरांनी तपासलं आणि पिशवी काढा म्हणून सांगितलं. मी तेहेतीस वर्षांची होते. घरात कुणाला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. ऑपरेशन झालं. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "सुटलीस बाई कटकटीतून." बाई तर इतक्या खूश झाल्या की त्यांनी आमच्या जैन स्थानकात मिठाई वाटली. मी घरी आल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आता काळजी मिटली. तू आता बारमाही." बारमाही विहिरीला म्हणतात, तसं त्या मला म्हणाल्या, आणि मी हसले.

कळलं ते दोन महिन्यांनी. धाकटी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी राहून हळूच म्हणाली, "भाभी, मी बसले." आणि अंगण ओलांडून निघून गेली. मी पोळपाटावर वाकलेली. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. आता माझी पाळी कधीच येणार नव्हती. मरेपर्यंत नाही. ती पन्नाशीपर्यंत जात राहील आणि मी तिचं ताट वाढत राहीन, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेव्हापासून मी जळायला लागले. जळण्यात मी काही कमी ठेवलं नाही. तिच्या ताटातल्या फुलक्याला तूप कमी लावायचे. ती झोपली असेल अशा वेळी अंगणात पितळी भांडी आपटायचे. मुलांना मुद्दाम तिकडे खेळायला सोडायचे. तिची हाक आली, "भाभी, पाणी मिळेल का?" की दोनदा ऐकू आलं नाही असं करायचे. वर हसरा चेहरा होताच. पेठेतल्या बायका म्हणायच्या, थोरली किती समंजस, धाकटीचं सगळं निमूट करते. ते ऐकून मला आणखी राग यायचा. समंजस म्हटलं की माणूस कायमचा अडकतो.

आमच्याकडे धुण्याभांड्याला शिनोलीच्या पलीकडच्या वाडीतून एक मावशी यायच्या. एकदा मी त्यांच्याजवळ बोलून गेले, की हिचं बरं आहे, महिन्याच्या महिन्याला रजा. त्या कपडे पिळता पिळता म्हणाल्या, "तुमच्यात समद्यांचंच बरं हाये वयनी. आमच्यात बसायचं म्हंजी देवाला शिवायचं न्हाई, एवढंच. भाताच्या आवणीला चिखलात हुभं ऱ्हायचं त्ये ऱ्हायचंच. मला तर लई वाटतं, आपल्याला बी कुणीतरी म्हनावं, शिवू नको, बस तिकडं." मी हसले. त्या माझा हेवा करत होत्या, मी धाकटीचा. धाकटी कुणाचा करत असेल, हा प्रश्न मला पडला नाही.

मग एक बदल माझ्या लक्षात आला. लक्षात येणारच, माझं सगळं लक्ष तिकडेच होतं. तिचे तीन दिवस पाच झाले. पाचाचे सहा. मग महिन्यातून दोनदा. आणि आताशा ती दारातून बोलत नव्हती. ताट ठेवायला गेले की भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसायची. मला वाटलं, काय सुख आहे. त्या वेळी आमच्याकडे जुन्या सुती साड्यांच्या घड्या वापरायच्या. जिच्या तिनं धुवायच्या आणि खोलीमागच्या दोरीवर, वरून एक लुगडं टाकून, कुणाला न दिसतील अशा वाळवायच्या. एके दिवशी मी तिथे गेले. लुगडं वर केलं. दोरीवर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. तिथल्याच भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या तिच्या घड्या तशाच्या तशा, कोरड्या, घडीही न मोडलेल्या.

ती खोटं बसत होती.

मी लुगडं पुन्हा दोरीवर आपटलं. रागानं नाही, म्हणजे रागानंही, पण त्याहून जास्त या गोष्टीनं की हे मला सुचलं नाही. माझी पिशवी जाग्यावर होती तेव्हा मी किती प्रामाणिकपणे तीनच दिवस बसले होते. एक तास जास्त घेतला नव्हता.

तरी मी लगेच बोलले नाही. पर्युषणापर्यंत दम धरला. आठ दिवस घरात येणंजाणं, कुणाचे उपवास, कुणाची पारणी, शेवटी संवत्सरी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी उपवास सोडायला तीस माणसांचं पारणं आमच्याकडे. आदल्या सकाळी ती दारात येऊन म्हणाली, "भाभी, मी बसले." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला तो ढोंगी वाटला. पारण्याचा सगळा स्वयंपाक मी एकटीनं उपसला आणि तिसऱ्या प्रहरी, सगळे गेल्यावर, बाईंसमोर जाऊन बसले. "बाई, ती खोटं बसते," मी म्हणाले. "मी दोरी बघितली आहे."

 आयुष्यभर बाईंना भीती एकच होती, की कुणी पाळी लपवून घरात वावरेल. पाळी नसताना कुणी बाहेर बसेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या मारवाडीत काहीतरी पुटपुटल्या आणि मराठीत मला म्हणाल्या, "तिला मी काही बोलणार नाही. घरात कालवा नको. पण इथून पुढे दर महिन्याला तू बघायचं. तू सांगशील तेव्हा ती बसली, आणि तू सांगशील तेव्हा उठली."

अशी मी तपासणीस झाले. दर महिन्याला मी दोरी बघायचे, घड्या बघायचे, आणि बाईंना जाऊन सांगायचे. खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. तिला तीनच दिवस मिळतील याची मी काळजी घेतली. चौथ्या दिवशी सकाळी मीच तिच्या दाराशी गरम पाण्याची बादली नेऊन ठेवायचे आणि म्हणायचे, "चल, न्हाऊन घे." ती उठायची. तिला सगळं कळलं होतं, पण तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही.

त्यानंतरचे महिने ती घरातच होती आणि तिचं काही धड होत नव्हतं. भाजीत दोनदा मीठ. दूध डोळ्यांदेखत उतू जायचं आणि ही गॅससमोर उभी. मुलीची वेणी घालताना मध्येच थांबायची, मुलगी म्हणायची, "मम्मी, पुढे," तेव्हा हात चालायचे. चहा घेऊन दुकानात जायची तेव्हा मात्र दारातच तोंडावर हसू आणायची आणि परत येताना ते दारातच गळून पडायचं. एका सकाळी माझ्याजवळ मटार सोलत बसली असताना म्हणाली, "भाभी, तुम्हाला सकाळी उठल्यावर चेहरा लावायला किती वेळ लागतो?" मी म्हणाले, "कसला चेहरा? मेकअप करतेस का काय आता?" ती म्हणाली, "नाही. काही नाही." मला तिचा अर्थ कळला होता. पुरता कळला होता. पण माझा चेहरा मी इतकी वर्षं कुरकुर न करता लावत होते, मग हिला काय धाड भरली होती? नवरा मारत नव्हता. सासू कडक होती, पण उपाशी ठेवत नव्हती. दोन गुणी मुलं. मला सांगा, काय कमी होतं, असं मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे.

पुढच्या वर्षी आषाढात, चातुर्मास बसला त्याच आठवड्यात, ती कुणाला काही न सांगता अंगण ओलांडून त्या खोलीत गेली. तारीख नव्हती. मी दोरी बघितली, कोरडी. चौथ्या दिवशी बादली नेली तर ती उठली नाही. भिंतीकडे तोंड. "न्हाऊन घे," मी म्हणाले. बादली तिथेच ठेवली. मी स्वयंपाकघरात आले. बाईंनी विचारलं, "झालं?"

मी म्हणाले, "अजून आहे."

का म्हणाले? या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच वेळा वेगवेगळं दिलं आहे. तिला जरा विसावा मिळावा म्हणून, असं एक उत्तर होतं, ते मला बरीच वर्षं पुरलं. पण ते खोटं आहे. मला वाटलं, बस. किती बसतेस ते बघू. दहा दिवस बस, म्हणजे साऱ्या पेठेला कळू दे तू किती कामचुकार आहेस ते. मी "झालं" म्हणाले असते तर बाई स्वतः जाऊन तिला उठवून घेऊन आल्या असत्या, तिच्या कपाळाला हात लावला असता. मी "अजून" म्हणाले, म्हणून तिला कुणी शिवू शकत नव्हतं. घरात माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही, कारण मी समंजस होते.

पाचव्या दिवशी अजून. सहाव्या दिवशी अजून. तिचा नवरा रोज दुकानात जाताना अंगणाच्या अलीकडून विचारायचा, "बरं आहे ना?" आणि आतून "हो" यायचं. पुरुष त्या खोलीकडे कधी जात नसत. मुलं उंबऱ्याशी जाऊन उभी राहायची. मुलगी पहिलीत होती, मुलगा तीन वर्षांचा. तो हात पुढे करायचा आणि मी त्याला काखेत उचलून आणायचे. "मम्मीला शिवायचं नाही." तो रडायचा, मी त्याला बिस्कीट द्यायचे.

ताट मीच न्यायचे. पहिले काही दिवस अर्धं संपायचं, मग एक घास, मग काहीच नाही. ठेवलेलं ताट तसंच परत आणताना मला कळत होतं, की हे सुख नाही. सुखानं पडलेला माणूस जेवतो. मी बसायचे तेव्हा जेवायचे की, मागून घेऊन जेवायचे. मी उंबऱ्याशी उभी राहायचे. घरात एकटी मी जाणत होते की तिला शिवलं तर काहीही होणार नाही, साधी आंघोळही करावी लागणार नाही. एक पाऊल टाकायचं होतं. मी उभी राहून तिच्या पाठीकडे बघायचे, आणि काय वाटायचं ते लिहायला मला लाज वाटते. मला वाटायचं, माझ्या चटईवर पडलीय.

नवव्या दिवशी बाई म्हणाल्या, "हिचंही तुझ्यासारखंच झालेलं दिसतंय. मंचरला नेऊ. काढायची तर काढून टाकू, एकदाची दोघींची काळजी मिटेल." त्यांनी बोलता बोलता दिवसही ठरवून टाकला. मी मान हलवली. माझ्या एका खोट्यावर तिची चांगली पिशवी काढायला निघाले होते आणि मी मान हलवली.

अकराव्या दिवशी मावशी आल्या. आवणीसाठी त्या दोन आठवडे वाडीवरच होत्या. आल्या तशा झाडू घेऊन अंगण ओलांडून खोलीकडे गेल्या. बाई माडीवर होत्या. मी म्हणाले, "मावशी, ती बसली आहे." त्या म्हणाल्या, "बसू द्या की. केर काय बसतोय व्हय?" आणि सरळ आत गेल्या. मग आतून त्यांचा आवाज आला, "वयनी, हिकडं या. ह्यांच्या अंगात काई न्हाई राह्यलं. ओ वयनी." मी दारात आले. मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पदरानं तिचं तोंड पुसत होत्या. ती रडत नव्हती. तिचे डोळे उघडे होते आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं, अगदी काहीही नाही. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती दिस झालं ह्यास्नी कुणी हात लावला न्हाई?"  मी अजून उंबऱ्याबाहेरच होते.

मंचरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हिला रक्तस्राव नाही, झालेलाही दिसत नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेले नाही. डॉक्टरांनी पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. तिच्या नवऱ्याबरोबर मी गेले. तिथल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. तिला तपासून झाल्यावर त्यांनी मला एकटीला आत बोलावलं आणि घरातलं विचारलं. मी दोरीचं सोडून सगळं सांगितलं. मी उठायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला झोप लागते का?" मला तीन वर्षं धड झोप नव्हती. मी म्हणाले, "मला काही होत नाही. मी घरातली मोठी आहे." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तिला तीन महिने नारायणगावला माहेरी ठेवलं. पेठेत सांगितलं, थायरॉइड आहे. आणि लाज नाही, म्हणून हेही सांगते, की मला तेव्हाही तिचा हेवा वाटला. आई असेल, गरम वरण असेल, दुपारी झोपू देत असतील. इथे तिची मुलं, माझी मुलं, गोचरी, पारणी, सगळं माझ्याकडे. माझ्या आजाराला नावच नव्हतं, मग त्याला माहेर कोण देणार?

ती परत आली ती हळूहळू सावरली. पूर्ण नाही. गोळ्या चालू होत्या, बाई त्यांना ताकदीच्या गोळ्या म्हणायच्या आणि वेळेवर हातात आणून द्यायच्या. त्या दिवसापासून बाईंनी मला दोरीबद्दल कधी विचारलं नाही, आणि मी का खोटं बोलले तेही विचारलं नाही. पुढे घरात केबल आली, त्यांचे गुडघे गेले, मुली मोठ्या झाल्या आणि त्यांनी त्या खोलीत बसायला साफ नकार दिला. त्या खोलीत आता दुकानाचे कोल्ड्रिंकचे क्रेट असतात.

दोनतीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. आम्ही दोघी गच्चीवर पापड लाटत बसलो होतो. बाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. हाताखाली पीठ, समोर पोळपाट, एकमेकींकडे बघावं लागत नव्हतं, म्हणून असेल, मी बोलले. "दोरी मी बघायची. बाईंना मीच सांगितलं. आणि ते अकरा दिवस, अजून आहे अजून आहे, तेही मीच सांगत होते."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तुला वाटत असेल मी दुष्ट आहे."

तिनं एक पापड उलटला. "तुम्ही दारात उभ्या राहायचात. ताट ठेवलं तरी जायच्या नाहीत. माझी पाठ होती तरी कळायचं. रोज वाटायचं, आज भाभी आत येतील."

"मला तुझा हेवा वाटत होता," मी म्हणाले. "इतका, की त्या वेळी दुसरं काही वाटतच नव्हतं."

"ते कळत होतं म्हणूनच वाटायचं," ती म्हणाली. "बाकीचे मला बाहेर काढायला बघत होते. आत यावंसं वाटणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात." मग लाटणं बाजूला ठेवून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "यायचं होतं ना भाभी. दोघी मावलो असतो."

मला रडू आलं नाही. मला पुन्हा तिचा हेवाच वाटला. अन्न गिळवत नव्हतं, मुलांचे हात दिसत नव्हते, तशा अवस्थेत तिला माझ्यासाठी जागा करायचं सुचलं, आणि मला अकरा दिवस उंबऱ्याशी उभं राहून एकदाही सुचलं नाही.